दाराआडून टिपलेलं वाक्य

ऋजुताने बटण दाबलं आणि पडद्यावर वाक्य उमटलं : "चार पाहुण्यांदेखत ज्या हातानं मला मारलं ह्यांनी, तोच हात लुळा पडल्यावर मीच चोळत बसले." वाक्याच्या बांधणीवरून अर्थ लावायला तिने संगणकाला शिकवलं होतं. शब्दाशब्दांना जोडणारे बाण भराभर निघाले. मारलं कुणी, मार खाल्ला कुणी, लुळा हात कुणाचा, चोळणारी कोण, सगळं अचूक. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

एवढं गुंतागुंतीचं वाक्य मिळालं कुठून, सरांनी कौतुकाने विचारलं.

"घरीच," ती हसत म्हणाली आणि तिची नजर पहिल्या रांगेत गेली. लेकीचं काम बघायला ठेवणीतली साडी नेसून आलेली आई मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

ऋजुताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेल्या दिवाळीत आई स्वयंपाकघरात मावशीशी बोलत असताना तिने दाराआडून हे वाक्य मोबाइलवर टिपून घेतलं होतं. संगणकाची परीक्षा घ्यायला असंच वाकडंतिकडं वाक्य तिला हवं होतं. आई काय सांगतेय, इकडे तिचं लक्षच नव्हतं. वाक्यात नाव नाही, म्हणजे ते कुणाचंच नाही, असं ती धरून चालली होती.

चहाच्या वेळी ती आईजवळ गेली. "आई, मी..."

"म्हणजे त्या दिवशी तू दाराशीच होतीस," आई म्हणाली. हातातला कप तिने तसाच खाली ठेवला. "मी आपली समजत होते, तुला ऐकू गेलं नाही, म्हणून तू आत आली नाहीस."