मधला पुठ्ठा

दाताचे डॉक्टर दुकानात शिरले आणि दुकानदाराचं पोट आत गेलं. त्याने ते ओढून घेतलं नव्हतं. आपलं आपणच गेलं.

दुकान शोभेच्या माशांचं. दवाखान्यात ठेवायची टाकी डॉक्टरांनी दीड महिन्यापूर्वी इथूनच नेली होती. तेव्हापासूनची ही पाचवी फेरी. एकदा खाद्य, एकदा फिल्टर, एकदा पांढरी वाळू, आणि मागच्या आठवड्यात गोगलगाय. एक. एका गोगलगायीसाठी माणूस गाडी काढतो का, हा प्रश्न दुकानदाराने आठवडाभर दाढेखाली धरला होता. दाढ तशीही दुखतच होती.

बायको स्टुलावरून उठली. हात पुसले, केसांची बट कानामागे सारली. बट कालही तशीच लोंबत होती आणि परवाही. तेव्हा तिची कुणाला अडचण झाली नव्हती.

"एखादा फायटर न्यावा म्हणतो," डॉक्टर म्हणाले.

फायटर माशांच्या बरण्या फळीवर ओळीने मांडलेल्या. दर दोन बरण्यांमध्ये एक पुठ्ठा, कारण एका नराला दुसरा दिसला की दोघंही काचेवर धडका देऊन अर्धमेले होतात. बायकोने हातआरसा घेतला आणि निळ्या फायटरसमोर धरला. माशाने कल्ले फुगवले, पर पसरले. बघता बघता दुप्पट झाला.

"आणि समोर कोणीच नाही," डॉक्टर म्हणाले.

"कोणी नाही. पण त्याला समजावणार कोण?" ती हसली.

ते हसणं दुकानदाराच्या ओळखीचं होतं. बऱ्याच दिवसांत गाठ पडली नव्हती, एवढंच. तो काउंटरमागून बाहेर आला.

"नराची जात, डॉक्टर," तो म्हणाला. आवाज एरवीपेक्षा जाड निघाला. "लाखो वर्षांची सवय आहे. सिंह घ्या, बोका घ्या, तुम्ही-आम्ही घ्या. नर चार ठिकाणी बघणारच, आणि आपल्या हद्दीत दुसरा आला की फुगणारच. त्याला इलाज नाही. निसर्ग आहे."

हे भाषण त्याचं तोंडपाठ होतं. गिऱ्हाइकांना आवडायचं. कासवाचं खाद्य न्यायला येणाऱ्या गाण्याच्या बाईंना तो ते खाद्य अर्धा अर्धा तास समजावतो, असं बायको एकदा म्हणाली, तेव्हा तिलाही हेच ऐकवलं होतं. त्यावर ती "बरं" म्हणाली होती. नुसतं बरं.

"आणि मादी?" डॉक्टरांनी विचारलं.

वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. भाषणात मादी नव्हतीच.

"मादी म्हणजे... असते की. मादी."

"ती बघते," बायको म्हणाली. नजर माशावर. "नर पाण्यावर बुडबुड्यांचं घर बांधतो. ती येते, घर बघते. पटलं तर थांबते."

"आणि नाही पटलं तर?"

"पाणी काय, पुष्कळ असतं."

मग त्याच आवाजात, जणू माशाचंच काही सांगतेय अशी, ती नवऱ्याला म्हणाली, "डॉक्टरांकडची टाकी दर सोमवारी कुणीतरी साफ करायला हवी. मी हो म्हटलंय."

हे विचारलं कधी आणि हो म्हटलं कधी? गोगलगायीच्या दिवशी तो पंप आणायला गेला होता. पाऊण तास.

"मी जाईन," तो म्हणाला.

"तुम्ही? दवाखान्यात?" ती म्हणाली. "अहो, दाताची पाटी दिसली की रस्त्याची बाजू बदलता तुम्ही."

डॉक्टर हसले. आपणही हसलं पाहिजे म्हणून दुकानदार हसला. हसला म्हणजे दात दाखवले, वरचे, खालचे, होते नव्हते तेवढे. बोकाही असाच दाखवतो, हे भाषणातलंच एक वाक्य होतं.

डॉक्टर मागे सरले नाहीत. मान वाकडी करून दोन पावलं पुढे आले आणि थेट तोंडात डोकावले.

"खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी," ते म्हणाले. मग बायकोकडे वळून, "तुम्ही म्हणालात तशीच आहे. गालही सुजलाय."

"मला काही दुखत नाही."

"दोन महिने झाले," बायको म्हणाली. "झोपेत कण्हतात. विचारलं की म्हणतात, स्वप्न पडलं."

म्हणजे या दोघांच्या बोलण्यात त्याची दाढ होती. खरं तर त्याला बरं वाटायला हवं होतं. तसं थोडं वाटलंही. पण पाऊण तास! आपल्याला नुसतं "बरं" मिळतं आणि दाढेबद्दल ती पाऊण तास बोलते. त्याला आपल्याच दाढेचा हेवा वाटला.

डॉक्टर निळा फायटर बरणीसकट घेऊन गेले. दाराची घंटी वाजली, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बायकोने आरसा खिळ्याला अडकवला.

"सोमवारी साडेदहाला. मी टाकी घासेन, तुम्ही दाढ घेऊन या."

"आणि नाही आलो तर?"

"तरी टाकी घासायची आहेच."

ती पाण्याची बादली उचलून आत निघाली आणि उंबऱ्यापाशी थांबली.

"आता सोडा. गेले ते."

"काय सोडू?"

"पोट."

त्याने सोडलं. सदऱ्याची गुंडी परत जागेवर आली.

बरणी काढताना मधला पुठ्ठा खाली पडला होता. निळ्याची जागा रिकामी होती, आणि पलीकडच्या बरणीतला तांबडा त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून, कल्ले फुगवून, अजून तसाच उभा होता. दुकानदार त्याच्याकडे बघत राहिला, सुजल्या गालावर हात ठेवून. मग वाकला, पुठ्ठा उचलला आणि अगदी हळू, त्याला लागू नये तसा, मध्ये सरकवला.