लहान होत जाणारा राजा

"राजाला मिशा लावा," छापखान्याचे मालक म्हणाले. "मंत्र्यांना आहेत तशा. टोकाला पीळ दिलेल्या."

ठसेकाकांनी हातातली कोरणी खाली ठेवली. मुलांच्या साप्ताहिकातली चित्रं लाकडावर कोरायची आणि त्यांचे ठसे छपाईला द्यायचे, हे त्यांचं काम. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. आजवर त्यांनी ससे कोरले, पऱ्या कोरल्या. कोणी ढुंकून पाहिलं नाही. यंदाच्या गोष्टीनं मात्र शहराला वेड लावलं होतं. गोष्ट होती एका राजाची. तो उठसूट वचनं द्यायचा, आणि न पाळता येणारं वचन दिलं की बोटभर लहान व्हायचा. त्याच्या दरबारात चष्मा लावणारा एक मासा होता. समोर आग लागली तरी तो 'छान, छान' म्हणायचा. एक छत्री होती. ती पावसात कोरडी राहायची आणि घरात आली की गळायची.

मुलं हसून लोळायची. मोठी माणसं डोळे बारीक करून वाचायची. राजा म्हणजे मंत्री, हे तर शेंबडं पोरही सांगेल. मासा म्हणजे न्यायाधीश. छत्रीवरून न्हाव्याच्या दुकानात हमरीतुमरी झाली होती.

"लेखकांना विचारायला हवं," ठसेकाका म्हणाले. "त्यांची नोकरी सरकारी. मिशा लावल्या तर त्यांच्या पोटावर पाय यायचा."

"मग विचारा जाऊन. पण 'नाही' ऐकून परत येऊ नका."

दुपारी ते लेखकांच्या घरी गेले. लेखकांची बहीण जिन्यात शेजारणीशी हसून बोलत होती. ठसेकाकांना आत घेऊन तिनं दार लोटलं आणि तिचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"कांदा चिरत होते," ती म्हणाली. स्वयंपाकघरात चूलही पेटलेली नव्हती.

आतल्या खोलीत खिडकीशी पलंग होता. त्यावर आठ-नऊ वर्षांची मुलगी उशांना टेकून बसली होती. ती इतकी वाळली होती, की पांघरुणाखाली कोणी आहे असं वाटू नये. डॉक्टरांनी तिचं मनगट सोडलं, चष्मा सावरला.

"छान, छान," ते म्हणाले, आणि कोणाकडेही न बघता बॅग आवरू लागले.

पलंगाशी लेखक उभे होते. चांगले उंचेपुरे गृहस्थ. "ऐकलंस ना?" ते मुलीवर वाकून म्हणाले. "थंडी सरली की आपण समुद्रावर जाऊ. अगदी नक्की."

मुलीनं वडिलांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि हळूच सुस्कारा सोडला.

इतके दिवस आपण काय कोरत होतो, ते आत्ता ठसेकाकांच्या समोर उभं होतं.

डॉक्टरांना पोचवायला लेखक बाहेर गेले. मुलीनं ठसेकाकांना खुणेनं जवळ बोलावलं.

"तुम्हीच राजा कोरता ना? मस्त कोरता."

"गोष्टच मस्त आहे तुझ्या बाबांची."

"बाबांची कुठली? मी सांगते, ते लिहून घेतात. मला बसून लिहवत नाही." तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सगळ्या शहराला म्हणे त्यात काय काय दिसतं. बाबांनाच काही कळत नाही. किती सोपं करून सांगायचं?"

"काय कळायला हवं त्यांना?"

"की मला माहीत आहे."

काय माहीत आहे, हे विचारायची ठसेकाकांना हिंमत झाली नाही.

"मग ते खोटं खोटं सांगायचे थांबतील," ती म्हणाली. "सांगताना त्यांना फार त्रास होतो हो. तुम्ही सांगाल का त्यांना? मी सरळ सांगितलं तर ते रडतील."

ठसेकाकांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "बघतो हं," ते कसेबसे म्हणाले, आणि स्वतःचंच बोलणं त्यांना पोकळ वाटलं.

लेखक जिन्यात एकटेच उभे होते. ठसेकाकांनी आपल्यामागे दार ओढून घेतलं.

"साहेब, तो गोष्टीतला राजा..."

"मंत्री आहे," लेखक घाईनं म्हणाले. "लोक म्हणतात तेच. मालक मिशांसाठी माझ्याही मागे लागलेत. लावा खुशाल."

"अहो, पण तुमची नोकरी?"

"जाईना का."

"साहेब, मुलगी मला म्हणाली..."

लेखकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग कठड्याला धरून ते पायरीवर बसले.

"पहिल्या दिवशीच कळलं मला," ते म्हणाले. "बाप आहे मी तिचा. पण मला कळेपर्यंत सांगत राहायचं, असं तिनं मनाशी घेतलंय. त्या हट्टापायी सकाळी उठून बसते. दोन घास खाते. कळलं म्हटलं, तर उद्या ती कशासाठी उठेल?"

ठसेकाका त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

"बाबा!" आतून बारीक हाक आली. "या ना. राजाचं पुढचं सुचलंय!"

"आलो गं!"

लेखकांनी बाहीनं तोंड पुसलं, घसा साफ केला. दार ढकलून आत जाता जाता ते मोठ्यानं म्हणाले, "तो राजा काही माझ्या टाळक्यात शिरत नाही बुवा. पुन्हा पहिल्यापासून सांग बघू!"