जळबाचं गेलेलं बोट

परवा लेकीचं लग्न, म्हणून जळबा तळहातावरची चामखीळ काढून घ्यायला कुरुंद्याच्या दवाखान्यात आला होता. आल्यापासून त्यानं डॉक्टर पल्लवीला हसवून हसवून बेजार केलं होतं.

तिनं बधिर करायचं इंजेक्शन भरलं. सुई टोचली की आधी सिरिंजचा दट्ट्या मागं ओढायचा. रक्त आलं तर सुई शिरेत आहे, औषध सोडायचं नाही. हाताला बसलेली सवयच ती. रक्त आलं नाही. तिनं बेतानं औषध सोडलं.

"डाक्टरीणबाई, ह्या बोटाला बी द्या की. न्हाईतर रुसून बसंल."

जळबा मधल्या बोटाशेजारची मोकळी जागा दाखवत होता. तिथलं बोट वीस वर्षांपूर्वी मळणीयंत्रात गेलं होतं.

"देते की, काका." लग्नघरच्या माणसाचं मन कशाला मोडायचं? पल्लवीनं हसत सुई त्या रिकाम्या जागेत धरली.

"अगं आई! आता बराबर लागली!" जळबा खो खो हसला.

पल्लवीही हसली, आणि हसता हसता सवयीनं तिनं दट्ट्या मागं ओढला.

सिरिंज लाल झाली. तिच्या बोटांना ती कोमट लागली.