अढीतला खडक

सिरोंच्याजवळच्या अतिप्राचीन गाळाच्या खोऱ्यात शेल वायू, म्हणजे शेल या चिकणमातीच्या खडकात अडकलेला इंधनवायू, कितपत मिळेल, हे सांगण्याचं काम भूवैज्ञानिक इरावती मामिडवारकडे होतं. सकाळी बोअरमधून नवा नमुना वर आला, तसा तिने सवयीने त्याचा कण दाताखाली धरला. कचकचला तर वाळू, लोण्यासारखा लागला तर अस्सल शेल. हा लोण्यासारखा लागला. चहाच्या घोटाबरोबर तो गिळून ती कामाला लागली.

दुपारी यंत्राने निकाल दिला : खडक पुरता पिकलेला, वायूने ठासून भरलेला.

इरावतीच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या वर्षी याच बोअरचा खडक तिनेच तपासला होता आणि तो पार कच्चा निघाला होता. खडकात गाडलेला पालापाचोळा पिकून त्याचा वायू व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात.

तिने कंपनीचा अभियंता रणदिवे याला गाठलं. "खरं सांगा, खाली काय सोडलंत?"

"आंब्याची अढी घालतात ना मॅडम, तसंच," तो ओशाळून हसला. "आम्ही घडवलेले जिवाणू आहेत. पालापाचोळा असो, मांस असो, सगळ्याचा वायू करतात."

"आणि माणसांना काही झालं तर?"

"छे! त्यासाठी खडक पोटात जायला हवा. खडक कोण खातंय, मॅडम?"

इरावती उत्तर द्यायला गेली, तोच तिला ढेकर आला. त्याला रॉकेलचा वास होता.