हातातल्या चपला

ऑपरेशन करून बसवलेला नवा गुडघा सुजून ताप चढला म्हणून धाकूने बायकोला हॉस्पिटलात आणलं, तर डॉक्टरांनी तिच्या तळव्यातून चिमट्याने काचेचा तुकडा काढला. “मना कललंच न्हाय,” शेवंती पुटपुटली. डायबिटीसने पाय कधीच बधिर झाले होते. डॉक्टर धाकूकडे वळले. “इथूनच जंतू रक्तात शिरून सांध्यापर्यंत पोचले, काका. बसवलेला गुडघा आता काढावा लागेल. यांना अनवाणी चालवलंत कशाला?” ऑपरेशन सुखरूप झालं, तर बायको अनवाणी देवळात येईल, असा नवस देवीला धाकूच बोलला होता. गेल्या महिन्यात दोघं राई गावातून देवळाकडे निघाली. ती पुढे, तिच्या चपला हातात घेऊन तो मागे. नव्या बिल्डिंगपाशी काचा दिसल्या, तशी तिने चपला मागितल्या. “देवल आलाच,” म्हणत त्याने त्या पिशवीत टाकल्या. स्ट्रेचर आत गेलं. नर्सने त्याच चपला पुन्हा त्याच्या हातात दिल्या.