सीटवरचा करवती काठ

टेकचंदने मागच्या सीटवर कोशाचं, जाड रेशमाचं कव्हर ओढून बसवलं, खालची नाडी करकचून बांधली आणि गाडीची चारही दारं सताड उघडी ठेवली. आंधळगावातल्या त्या गल्लीला नीट दिसावं म्हणून. करवतीच्या दात्यांसारखा विणलेला करवती काठ त्याने मुद्दाम सीटांच्या दाराकडच्या अंगाला घेतला होता. दार उघडलं की आधी काठ दिसणार. करडी गावच्या लग्नात गाडीतून कोण उतरलं हे सोयरे मागाहून पाहतील, असा त्याचा हिशोब होता.

दोन महिने त्याचा माग या चार सीटांसाठीच चालला होता. मुलाने नवी गाडी घेतली, तर बापाने तिला नेसवायला नको?

"नवरीले लुगडं तं झालं," शेजारचा हिरालाल म्हणाला. तोही विणकर, त्यालाही करडीचं बोलावणं. सरळ कौतुक केलं तर त्याच्या पोटात दुखायचं, म्हणून तो चेष्टेतून करायचा. "आता ओटी भरा तिची."

"पाहून घे. तुया मागावर हे होत नाही."

सून डिंपल गाडीसोबत आलेलं पुस्तक घेऊन ओट्यावरून उतरली. मुलगा प्रविण पुढची काच पुसत होता. काच स्वच्छच होती.

"मामाजी, एक सांगू? राग नोका येऊ देऊ."

सून बोलायला आली म्हणजे मुलाची हिंमत झाली नाही, हे टेकचंदला लगेच कळलं.

डिंपलने नेमकं काठावर बोट ठेवलं. "याच्या आत एअरबॅग हाय. पुढं दोन, मागं दोन. बाजूनं कोणी धडकलं तं इथूनच बाहेर येते, पापणी लवायच्या आत. म्हणून इथली शिवण कंपनीनं मुद्दाम कच्ची ठेवली. वरून कव्हर असलं तं बॅग अडकते, नाही तं भलतीकडं फुगते. अन् इथं गुड्डी बसणार हाय."

डिंपलची लेक गुड्डी मागे बसलीच होती, आपल्या लहान सीटवर, पट्टा लावून. डुलकी लागली तर डोकं टेकायला आजीने, टेकचंदच्या बायकोने कौशल्याबाईने, दाराशी उशी खोचली होती. डिंपलने तीही काढली. "दाराले टेकायचं नाही, बाई. सरळ बसायचं."

"कच्ची?" टेकचंद म्हणाला. "मुद्दाम?"

कच्चं काम झाकणारे विणकर त्याने पुष्कळ पाहिले होते. मुद्दाम करून पुस्तकात छापणारा हा पहिलाच. तो गुडघ्यावर बसला, कव्हराखाली अंगठा सरकवला आणि कंपनीची शिवण चाचपत गेला. मध्यावर अंगठा थांबला. धागा बारीक, टाके विरळ. मग त्याने वरचं आपलं कापड दोन बोटांत धरलं.

"मायं कापड नाही फाटत," तो म्हणाला.

"तेच तं, मामाजी," डिंपल हळूच म्हणाली.

प्रविण पुढे आला. "बाबा, आजच्या दिवस राहू द्या. करडी काही लांब नाही. मी हळू चालवीन."

"तू काच पूस."

डिंपलने गुड्डीला लहान सीटसकट उतरवलं. टेकचंदने गुड्डीच्या जागेवरची नाडी आधी सोडली. गाठी त्यानेच मारलेल्या, सुटता सुटेनात. कौशल्याबाईने दुसरी बाजू धरली. त्या काठाचा धागा गुंडाळून मागाच्या कांड्या तिनेच भरल्या होत्या. चारही सीटा उघड्या पडल्या. कंपनीचं काळं कापड, गावात येणाऱ्या कोणत्याही गाडीसारखं.

"दोन महिने पाण्यात, गड्या," हिरालाल म्हणाला. यावेळी त्याने चेष्टा केली नाही.

टेकचंदने कव्हराचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "ओढ."

हिरालालने ओढलं. मग पाय रोवून ओढलं. विणकराचे हात होते. कापडाची नस कुठे असते ते त्यांना ठाऊक होतं. कपाळावर घाम आला. काठाची एक तार हलली नाही.

"फाटलं?"

"नाही, बावा."

"म्हणून काढलं." टेकचंदने कव्हराची घडी घालून कौशल्याबाईकडे दिली आणि तो हिरालालकडे वळला. "करडीत कोणी विचारलं, सीटा उघड्या काऊन, तं तू सांगजो. मी सांगनं बरं नाही दिसत."