दोन जाळ्यांपलीकडून

भेटीच्या खोलीत दोन जाळ्या होत्या. अलीकडे नातेवाईक, पलीकडे कैदी, आणि सगळेच एकदम ओरडत होते. खटला उभा राहत नव्हता म्हणून हणमंत दोन वर्षं आत होता. मागच्या आठवड्यात त्याची आई वारली, हे सांगायला त्याची बायको रंजना आली होती.

“अहो, आई गेल्या!” तिनं घसा ताणला.

“आई आली?” त्याचा चेहरा उजळला. टाचा उंचावून तो गर्दीत शोधू लागला. “कुठाय? पुढं घे तिला!”

रंजनाला तेच पुन्हा ओरडून सांगवेना. तिनं बाहेर बोट दाखवलं आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“गुडघे दुखतायत? बरं, पुढच्या खेपेला आत आण.”

तेवढ्यात वेळ संपल्याची शिट्टी वाजली आणि खोली गप्प झाली.

“आणते,” ती हळूच म्हणाली. हे मात्र त्याला नीट ऐकू गेलं.